सावकाश घ्या, मास्तर

मास्तर शाळेत फारसे टिकले नव्हते. पण नगरपालिकेच्या गॅरेजमध्ये सगळे त्यांना मास्तरच म्हणत, कारण तिथल्या निम्म्या ड्रायव्हरांना गाडी त्यांनी शिकवली होती. पद्धत एकच. पाण्यानं काठोकाठ भरलेला पेला डॅशबोर्डवर ठेवायचा आणि आपण शेजारी बसायचं. पाणी सांडलं की म्हणायचं, "उतर. आता चालत ये, म्हणजे रस्ता काय असतो ते कळेल." पोरं मनातल्या मनात शिव्या घालत चालत यायची आणि पुढं जन्मभर लोण्यासारखा ब्रेक लावायची.

मास्तरांची दुसरी ख्याती वेळेची. त्यांच्या गाडीत बसलेला माणूस कुठं उशिरा पोचला असं कधी घडलं नव्हतं. रस्त्यात खड्डे असोत, मोर्चा असो, साहेब घरातूनच आळोखेपिळोखे देत निघालेले असोत, मास्तर गल्लीबोळांतून गाडी काढून त्यांना दारात उभं करत. "एकदाच उशीर केला यांनी," त्यांची बायको सांगायची. "लग्नाला. आणि तेव्हा गाडी दुसराच कुणीतरी चालवत होता."

म्हणून तर आरोग्य समितीला नव्या सभापती आल्या, तेव्हा त्यांची गाडी मास्तरांकडे आली. बाईंना वेळेचं भान अजिबात नव्हतं. त्या दातांच्या डॉक्टर. सकाळी पालिकेच्या दवाखान्यात पोरांचे दात काढायचे आणि दुपारी समितीत मोठ्यांच्या तोंडाला लागायचं, असा त्यांचा दिवस. अख्खं गाव त्यांना दातबाई म्हणायचं. अर्थात पाठीमागं. तोंडावर कोण म्हणणार? तोंड त्यांच्या ताब्यात असायचं.

दवाखान्याच्या बाकावर रोज गाल धरून बसलेली पोरं असत. दुधाचे दात, पण काळेकुट्ट. मास्तरांची नातही त्यातलीच. तिचे पुढचे सगळे दात बाईंनी काढले, आणि काढताना तिला इतक्या गमती सांगितल्या की पोरगी रडायचंच विसरली. आता ती हसली की सगळ्या हिरड्या दिसायच्या. मास्तरांची बायको तिला लाडानं "सासूबाई" म्हणायची. "आमच्या सासूबाई अशाच हसायच्या हो," ती म्हणायची, "फक्त वर्षातून एकदा."

पोरांचे दात कशानं जातात हे शोधायला लांब जायला नको होतं. गावाच्या टोकाला गोड पाण्याचा कारखाना होता. लाल, हिरवं, नारिंगी, फसफसणारं पाणी. तिकडून वारा सुटला की सगळ्या गावावर पाकाचा वास बसायचा, आणि खिडकीच्या गजांवर गांधीलमाश्या येऊन चिकटायच्या. कारखान्यानं शाळेला बाकं दिली होती, मैदानाला दिवे दिले होते, आणि पालिकेला रुग्णवाहिका दिली होती. रुग्णवाहिकेच्या दोन्ही अंगांना फेस उतू जाणारी बाटली रंगवलेली होती. ती गल्लीत शिरली की पोरं आनंदानं तिच्यामागं धावत आणि घरात कुणीतरी शेवटचे श्वास मोजत असे.

मास्तरांचा जावई त्याच कारखान्यात बाटल्यांच्या पट्ट्यावर होता, अजून कायम न झालेला. कामगारांना बाटल्यांचे क्रेट फुकट मिळत. लेक-जावई दोघंही कामाला जात, म्हणून नात दिवसभर आजीआजोबांकडे, आणि नातीमागोमाग क्रेटही. मास्तरांच्या घरात पाहुणे बसायचे ते क्रेटवर, भांडी राहायची ती क्रेटवर. फुकटचं टाकवत नाही आणि पोरगी मागितल्याशिवाय राहत नाही.

दातबाईंनी ठराव आणायचं ठरवलं. शाळेत आणि शाळेच्या दारात हे पाणी विकायचं नाही. दवाखान्याच्या आवारात नाही. पालिकेच्या जागेवर त्याचे फलक नाहीत. आणि बाटलीमागं थोडा कर लावून त्या पैशातून प्रत्येक शाळेत साध्या, स्वच्छ पाण्याचे नळ.

"एवढंच," बाई गाडीत म्हणाल्या होत्या. "कुणाच्या घरात शिरून बाटली हिसकावणार नाहीये मी. शाळेत पोराला तहान लागली तर पाणी मिळावं. यात राजकारण काय आहे, मास्तर?"

मास्तर आरशातून बघत म्हणाले, "बाई, आमच्या गॅरेजमध्ये पंखा कुठं लावायचा यावर दोन गट पडले. अजून उकडतंय."

बाई तेव्हा खळखळून हसल्या होत्या. पुढं पुढं त्यांचं हसणं कमी झालं. मागच्या सीटवर बसून त्या फोनवर बोलत आणि मास्तरांना नको असलं तरी ऐकू येई.

"फलकांमुळं सगळं अडतंय? बरं. फलक वगळा."

मग काही आठवड्यांनी, "दवाखान्याचं पुढच्या टप्प्यात घेऊ. हो, लिहा तसं."

मग, "कर नको म्हणतात? अहो मग नळ कशातून... नाही, ऐकतेय मी. ठीक आहे. नळाचं तत्त्वतः मान्य असं ठेवा."

त्या दिवशी फोन ठेवल्यावर त्यांनी कपाळ काचेला टेकवलं. "मास्तर, दात काढायच्या आधी आम्ही हिरडी बधीर करतो. हे लोक अगदी तसंच करतात. गोड बोलतात, चहा पाजतात, दुखत काहीच नाही. जीभ फिरवल्यावर कळतं काय गेलं ते."

"अजून शाळेचं राहिलंय ना, बाई?"

"ते मी सोडणार नाही," बाई म्हणाल्या. मग थोड्या वेळानं पुन्हा म्हणाल्या, "ते नाही सोडणार." पहिल्यांदा म्हणाल्या ते मास्तरांना पटलं होतं.

पालिकेच्या सभागृहाची एक जुनी रीत होती. ज्याचा ठराव त्यानंच उभं राहून मांडायचा. विषय पुकारला की शिपाई तीनदा घंटा वाजवतो. तिसऱ्या घंटेपर्यंत मांडणारा जागेवर दिसला नाही, तर ठराव बारगळला आणि वर्षभर पुन्हा आणता येत नाही. एकदा एक सदस्य सभागृहाच्या स्वच्छतागृहात गेला आणि आतली कडी अडकली. तो आतून दार बडवतोय, "थांबा, आलो, आलो!" आणि बाहेर टण, टण, टण. सभागृह पोट धरून हसलं. त्याचा ठराव एका गल्लीत दिवे लावण्याचा होता. त्या पावसाळ्यात त्याच अंधाऱ्या गल्लीत एक पोस्टमन उघड्या गटारात पडून मेला, त्यावर मात्र कुणी विनोद केला नाही.

सभेच्या दोन दिवस आधी संध्याकाळी मास्तरांच्या दारात गोडबोल्या आला. कारखान्याचा माणूस. त्याच्या हुद्द्याचं नाव लांबलचक होतं, काम मात्र लोकांशी गोड बोलायचं, म्हणून गावानं सुटसुटीत नाव ठेवलं होतं. क्रेटवर रुमाल न झटकता बसला. नात दारातून डोकावत होती. तिच्याकडे बघून तो हसला.

"काय म्हणता, सासूबाई? बऱ्या आहात ना?"

ते नाव या चार भिंतींच्या बाहेर कधी गेलं नव्हतं.

"मास्तर, गुडघे काय म्हणतात?"

"गुडघे काही म्हणत नाहीत. तुम्ही बोला."

"परवा सभा. पहिलाच विषय बाईंचा. नगराध्यक्षांनी मुद्दाम पहिला मान दिलाय."

"ऐकलं."

"त्या वेळी पुलावर गर्दी फार असते हो."

"मी असलो की वाट मिळते."

"तेच तर!" गोडबोल्यानं मांडीवर थाप मारली. "किती घाई करता या वयात! एखाद दिवस सावकाश घ्या, मास्तर. स्वतःसाठी."

"सरळ सांगा. मी काय करायचं?"

"काहीच नाही! अहो, कुणी कुणाला काही करायला सांगितलंय का? मी तर उलट म्हणतोय, काही करू नका." तो उठला. "जावईबापूंना कायम करायचं चाललंय, आमच्या साहेबांच्या टेबलावर. तेही असंच आहे. घाईनं होत नाही." जाताना त्यानं बाहेरच्या चपला सरळ करून ठेवल्या. स्वतःच्या नव्हे, मास्तरांच्या.

तो गल्लीच्या वळणापर्यंत गेल्यावर मग बायको बोलली.

"त्याला आपल्या घरातलं नाव कुणी सांगितलं?"

"जावई बोलला असेल कामावर. सहज."

"त्यांच्याकडं सहज काही राहतं का?" ती नातीला जवळ ओढून तिचे केस विंचरायला लागली, विंचरलेलेच. "काय करणार?"

"तूच सांग."

"मी कशाला सांगू? उद्या जावयाची नोकरी गेली तर म्हणाल बायकोनं सांगितलं. बाईंचा ठराव गेला तरी म्हणाल बायकोनं सांगितलं. मी काय तुमच्या गाडीची स्टेपनी आहे?"

मास्तरांना अशाही वेळी हसू आलं. "मी बाईंना वेळेवर पोचवणार," ते म्हणाले.

बायकोचा हात थांबला. तिनं नातीची हनुवटी वर केली, पोरीनं हिरड्या दाखवल्या. "पोचवा," ती म्हणाली. "आपल्या लेकीला काय सांगायचं ते मी बघते. ती वर्षभर बोलणार नाही माझ्याशी. पण पोचवा."

सभेच्या दिवशी मास्तर दवाखान्यासमोर लवकरच जाऊन उभे राहिले. सकाळपासून वारा कारखान्याकडून होता. गांधीलमाश्या वायपरवर बसत होत्या. बाई नेहमीप्रमाणे उशिरा बाहेर आल्या, हातमोजे काढत, एका आईला मागं वळून सूचना देत.

"होईल ना हो, मास्तर?"

"बसा. दार लावा. बाकी माझ्यावर सोडा."

आणि मास्तरांनी गाडी काढली ती काय काढली! बाजाराचा रस्ता टाळला, लाकडाच्या वखारीमागून घेतली, शाळेच्या भिंतीला घासता घासता पुलाच्या तोंडाशी आणली. पुलावर गर्दी होती, पण सरकत होती. पलीकडं सभागृहाचं कौलारू छप्पर दिसायला लागलं.

तेवढ्यात बाईंचा फोन वाजला.

"बोला... काय? दोघंही?... पण काल रात्रीपर्यंत... आणि समितीतले आजोबा? तेही?" मग बराच वेळ नुसतं ऐकणं. "नाही. नाही, रागावत नाहीये. कळलं."

फोन त्यांनी मांडीवर ठेवला. पुढची बस हलली. मास्तरांनी गिअर टाकला.

"मास्तर, पुलावर जाऊ नका. खालच्या रस्त्यानं, जुन्या पुलाकडून घ्या."

"बाई, तो वळसा आहे. उशीर होईल."

"माहितीये."

"यानं गेलो तर आपण पोचतोय. आरामात पोचतोय. मी शब्द देतो."

"तुम्ही पोचवाल हे मला माहितीये," बाई म्हणाल्या. "म्हणूनच सांगतेय."

मागून कुणीतरी हॉर्न मारायला लागलं. मास्तरांनी स्टिअरिंग धरलं होतं, पण हात जणू दुसऱ्याचे होते. परवा गोडबोल्याचं ऐकायचं नाही हे ठरवण्याएवढं बळ त्यांनी कुठून कुठून गोळा केलं होतं. ते तिथंच संपलं होतं. गाडीत बसलेल्या माणसालाच नाही म्हणायचं, हे त्यांना कुणी कधी शिकवलं नव्हतं आणि त्यांनीही कुणाला शिकवलं नव्हतं. त्यांनी गाडी खालच्या रस्त्याला वळवली.

"माझ्या बाजूची माणसं फुटली," बाई काचेबाहेर बघत बोलत होत्या. "आज मतदान झालं तर ठराव पडणार. पडलेला ठराव या पालिकेची मुदत संपेपर्यंत आणता येत नाही. बारगळलेला पुढच्या वर्षी आणता येतो. पडला तर मेला. बारगळला तर नुसता झोपला."

"आणि उठवणार कोण, बाई?"

"मी." पण त्या आरशात बघत नव्हत्या.

नदीकाठचा रस्ता रिकामा होता. मास्तरांनी आयुष्यात पहिल्यांदा रिकाम्या रस्त्यावर गाडी रेंगाळत चालवली. मागं बाईंचं काहीतरी चाललं होतं. त्यांनी नीट बांधलेले केस थोडे सोडले. पदर विस्कटला. रुमाल ओला करून कपाळाला लावला. धावत आलेली बाई जशी दिसते तशा त्या दिसायला लागल्या. यांनी हे फोन येण्याआधीच ठरवलं असेल का, असं मास्तरांच्या मनात आलं, आणि आलं ते जाईना.

"विचारतील, काय झालं म्हणून," मास्तर म्हणाले.

"गाडी बंद पडली असं सांगू."

"माझी गाडी?"

"पालिकेची गाडी आहे हो ती, मास्तर." त्यांचा आवाज फार मऊ होता. दवाखान्यातला. "दारात पोचलो की बॉनेट उघडून ठेवा. म्हणजे बोलावं लागणार नाही."

सभागृहाच्या फाटकातून गाडी आत शिरली तेव्हा आतून तिसरी घंटा ऐकू आली. बाई पायऱ्या चढत धावल्या, इतक्या की एक चप्पल निसटून मागं राहिली. मास्तरांनी खाली उतरून बॉनेट उघडलं आणि धडधाकट इंजिनासमोर मान खाली घालून उभे राहिले.

चहाच्या सुटीला सदस्य बाहेर आले. नगराध्यक्षांनी जाता जाता मास्तरांच्या खांद्यावर हात ठेवला. "होतं असं. यंत्रच ते." त्यांना काही विचारायचं नव्हतं.

विचारायला आला तो मास्तरांचाच शागीर्द, आता पाण्याच्या टँकरवर असलेला. धावतच आला बिचारा, बाह्या सारत.

"मास्तर, तुम्ही आणि गाडी बंद? काय, सेल्फ गेला?"

"असू दे रे."

"असू दे काय? बघतो ना." मास्तर हात धरेपर्यंत त्यानं खिडकीतून हात घालून किल्ली फिरवली. गाडी चटकन सुरू झाली. आवाज इतका स्वच्छ होता की बाजूच्या गाड्यांतल्या ड्रायव्हरांनीही माना वळवल्या.

शागीर्दानं इंजिनाकडं पाहिलं. मग मास्तरांकडं. पुन्हा इंजिनाकडं. त्यानं किल्ली मागं फिरवली, बॉनेट अलगद खाली टेकवलं आणि हात पँटला पुसले. "येतो, मास्तर," तो म्हणाला. नेहमी वाकून जायचा. आज नुसताच गेला.

संध्याकाळी घरी पोचायच्या आधीच लेकीचा आवाज गल्लीत ऐकू येत होता. जावई कायम झाला होता. दुपारीच सांगितलं साहेबांनी, बोलावून, खुर्ची देऊन. दारात नवे क्रेट रचलेले होते. लेक बापाच्या गळ्यात पडून रडली. "बाबा, साहेब यांना म्हणाले, तुझ्या सासऱ्यांसारखी माणसं राहिली नाहीत आता."

बायको कोपऱ्यात उभी होती. लेक-जावई पोरीला घेऊन गेल्यावर तिनं दार लावलं.

"पोचवलं नाहीत ना?"

"ऐक. मी पुलाच्या तोंडाशी होतो. वेळेत होतो. बाईंनीच सांगितलं, खालच्या रस्त्यानं घ्या."

"बाईंनी."

"त्यांची मतं फुटली. त्यांनीच..."

"हो का," बायको म्हणाली. तिनं क्रेटमधली बाटली उचलली आणि उजेडाकडे धरून बघितली. "मी लेकीशी वैर घ्यायला तयार झाले होते. तुम्हाला जमणार नव्हतं तर तसं बोलायचं. मी काही खाल्लं नसतं तुम्हाला. पण त्या बाईंवर कशाला ढकलता? आपल्या पोरीचे दात काढताना त्या स्वतः रडवेल्या झाल्या होत्या."

"अगं, शपथ घेऊ का?"

"नको," ती म्हणाली. "शपथेवर तरी खोटं बोलू नका. मला तुमच्याबरोबर राहायचंय अजून."

दुसऱ्या दिवशी सकाळी गॅरेजमध्ये मास्तरांना पाहून सगळे आपापल्या कामाला लागले. गाडीपाशी गोडबोल्या उभा होता. मास्तरांसाठी त्यानं ड्रायव्हरच्या बाजूचं दार उघडून धरलं.

"मी काही केलेलं नाही," मास्तर मोठ्यानं म्हणाले. सगळ्यांना ऐकू जाईल असं. "ऐका, मी काहीसुद्धा केलेलं नाही!"

"कोण म्हणतं तुम्ही केलं?" गोडबोल्या हसून म्हणाला. टँकरवाला शागीर्द पान्याशी खेळत खाली बघत राहिला. "बसा. दवाखान्यावरूनच जायचंय ना?" आणि तो मागचं दार उघडून बाईंच्या जागेवर जाऊन बसला.

दवाखान्याच्या बाकावर पोरं गाल धरून बसलेली होती. मास्तरांनी हॉर्न वाजवला नाही, तरी बाई बाहेर आल्या. आज वेळेवर. पायरीवर उभं राहून त्यांनी काचेतून आत कोण आहे ते पाहिलं. मास्तर त्यांच्या तोंडाकडं बघत होते. ओरडतील, वळून आत जातील, निदान दचकतील, कशाची तरी ते जीव मुठीत धरून वाट बघत होते.

बाईंनी हातमोजे काढून पिशवीत घातले, गाडीला वळसा घातला आणि पलीकडच्या दारानं आत बसल्या.

"कुठं घेऊ, बाई?" मास्तरांनी विचारलं.

बाई बाकावरच्या पोरांकडं बघत होत्या. उत्तर दिलं ते गोडबोल्यानं.

"कारखान्यात."